दुपारी तीनची रात्र

स्टॉकहोमला हिवाळ्यात जावे की जाऊ नये, या प्रश्नावर आमच्या घरात आषाढापासून खल चालला आहे. घर म्हणजे आम्ही दोघेच. पण माणसे दोन असली तरी मते चार आहेत. सकाळी चहाच्या वेळी मी 'जावे' म्हणते तेव्हा हे 'जाऊ नये' म्हणतात, आणि रात्री माझा धीर सुटून मी 'राहू दे झालं' म्हटले की हेच "असं कसं? बघू की" म्हणून मला पुन्हा उभी करतात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी फराळाचे डबे भरलेले असतील; मी मात्र हे लिहिते आहे ती श्रावणात. गोदावरीला पाणी चढले आहे, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत, आणि अशा ओल्या कोंदट हवेत बसून मी बर्फाचा विचार करते आहे. लिहायचा विषय खरे तर दुसराच ठरवला होता, पण डोक्यात हा एकच घोळतो आहे, त्याला काय करणार?

आमची मुलगी तिथे अकरा वर्षे आहे. दोनदा मी जाऊन आले. एकदा नात झाली तेव्हा आणि एकदा तीन वर्षांपूर्वी. दोन्ही वेळा मे-जूनमध्ये. उन्हाळ्यातले ते शहर म्हणजे पाण्यावर मांडलेली रांगोळीच. चौदा बेटांवर वसलेले, जिकडेतिकडे पूल आणि होड्या, बाजारात लालबुंद स्ट्रॉबेऱ्यांच्या राशी. जूनमध्ये तिथे पहाटे साडेतीनला सूर्य उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. रात्री दहाला बाल्कनीत बसून, दिवा न लावता, मी मराठी पुस्तक वाचले आहे. परत आल्यावर ज्याला त्याला हेच सांगत असे, आणि लोक म्हणत, "नशीबवान आहे हो तुमची मुलगी, स्वर्गात राहते!" मीही हो म्हणत असे. स्वर्गाला दुसरी बाजू असते हे प्रवासवर्णनात लिहायची पद्धत नाही.

ती दुसरी बाजू मी पाहिलेली नाही. फक्त ऐकली आहे, आणि ऐकली म्हणजे तरी काय? आता फोनवर माणसाचा चेहराही दिसतो. उन्हाळ्यात ती फोन घेऊन घरभर फिरते, झाडाला आलेली फुले दाखवते, नातीच्या पडलेल्या दाताची जागा दाखवते. कार्तिक लागला की चित्र बंद होते आणि नुसता आवाज येतो. "आज कॅमेरा नको गं, केस विंचरलेले नाहीत." केस काय चार महिने विंचरले जात नाहीत? नोव्हेंबर ते मार्च आमचे बोलणे दर आठवड्याला आखूड होत जाते. काय केलंस, काय खाल्लंस, बाबांचा गुडघा कसा आहे, ठेवते. एप्रिलमध्ये एक दिवस ती पुन्हा चित्रासकट येते, आणि सगळे जणू काही झालेच नव्हते असे बोलू लागते. तीन हिवाळे मी हे मनाशी नोंदवते आहे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवार होता. दिवेलागण होऊन गेली होती, साडेसात झाले असतील, म्हणजे तिच्या घड्याळात दुपारचे तीन. डिसेंबरात तिचे घड्याळ आमच्या साडेचार तास मागे असते. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही, म्हणून मी दचकलेच. "काय गं, बरी आहेस ना?" तर म्हणाली, "हो. काही नाही. आई, इथे रात्र झाली गं." एवढेच. मग दोघी गप्प. मागे कुठेतरी ऑफिसातल्या माणसांचे बोलणे ऐकू येत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चल, मीटिंग आहे," आणि फोन ठेवला. लहानपणी कधी वीज गेली तरी न घाबरणारी ही मुलगी. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी यांना म्हटले, "पुढच्या हिवाळ्यात मी जाणार."

यंदा आषाढात तिला ते सांगितले तेव्हा तिनेच आधी मोडता घातला. "अगं, वेडी आहेस का? उन्हाळ्यात ये. हिवाळ्यात इथे पाहण्यासारखं काय आहे? रस्त्यावर बर्फ होतो, तोही धड पांढरा नाही, चिखलाचा. तू घसरून पडशील. आम्ही दोघं कामावर, ही शाळेत. तू दिवसभर अंधारात एकटी काय करशील?" माझ्या ओठांवर आले होते, 'मग तू काय करतेस?' पण असले प्रश्न फोनवर विचारायचे नसतात. समोर बसून, भाजी निवडता निवडता, तिच्याकडे न पाहता विचारायचे असतात.

आमचे हे भूगोलाचे शिक्षक. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली, पण पृथ्वी अजून यांच्याच ताब्यात आहे. त्यात मूळचे वेंगुर्ल्याचे. नाशिकात चाळीस वर्षे काढूनही कोजागरी झाली की यांची कानटोपी निघते. मला वाटले, हे थंडीवरून अडवतील. पण यांनी कपाटावरचा जुना पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली आणि स्वयंपाकघरातली बॅटरी घेऊन मला धडा दिला. "प्रश्न थंडीचा नाहीच मुळी. थंडी तिथं अक्षांशाच्या मानानं काहीच नाही. हे बघ, एकोणसाठ अंश. याच रेघेवर सैबेरियात मागादान आहे, तिथं माणूस गोठतो. स्टॉकहोमला अटलांटिकवरून येणारं कोमट वारं सांभाळतं. जानेवारीत पारा शून्याच्या थोडा खाली, कधी उणे दहा. चार कपडे जास्त घातले की झालं. प्रश्न आहे तो कोनाचा." आणि गोल तिरका धरून बॅटरी मारली. डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला तिथला सूर्य ऐन माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो. उगवतो पावणेनऊच्या सुमारास, मावळतो तीनच्या आत. सहा तासांचा दिवस, तोही बहुधा ढगाखाली. आपल्या नाशिकात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. "तिथं दुपार अशी होतच नाही," हे म्हणाले. "सकाळ होते आणि तिचीच संध्याकाळ होते." बॅटरी विझवून यांनी गोल परत ठेवला, आणि थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अकरा वर्षं पोरगी त्या कोनात राहते."

थंडीचे मला कुणी सांगू नये. माझे माहेर निफाडचे. हिवाळ्यात महाराष्ट्रातला सर्वांत खालचा आकडा कुठला, तर पुष्कळदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, म्हणजे आमच्या अंगणातलाच म्हणा ना! पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, घडांना तडे जाऊ नयेत म्हणून. माझे वडील असे बसलेले मी पाहिले आहेत. पहाटे घरी येत तेव्हा त्यांच्या घोंगडीला धुराचा वास येई. आणि एक गंमत सांगते. आपल्याकडची थंडी घरात येते. फरशी गार, भिंत गार, हंड्यातले पाणी गार. सकाळी माणूस घरातून उन्हात जातो तो ऊब शोधायला. तिथली थंडी उंबऱ्याशी थांबते. खिडक्यांना काचांचे दोन-तीन थर, खोलीत भिंतीला लावलेले गरम पाण्याचे पन्हाळीदार डबे, घरात वीस-एकवीस अंश. मुलगी जानेवारीत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरते. नात तान्ही असताना दुपारी तिला बाबागाडीत घालून बाहेर, गारठ्यात झोपवत. तिकडे तशी रीतच आहे. तो फोटो आला तेव्हा आमच्या नात्यातल्या पाच बायकांनी वेगवेगळा फोन करून मला धारेवर धरले होते. पोरीला साधी सर्दी झाली नाही.

वादाला हवी तर थोर माणसांचीही साक्ष आहे. हिवाळ्यात स्टॉकहोमला जावे की नाही, हा प्रश्न देकार्तलाही पडला होता. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' असे सांगणारा फ्रेंच तत्त्वज्ञ तो. स्वीडनच्या ख्रिस्तिना राणीने त्याला शिकवणीसाठी बोलावले. राणी तेव्हा तेविशीच्या आतबाहेर. तो बराच काळ घुटमळला, आणि अखेर १६४९ च्या ऑक्टोबरात जाऊन पोचला. हा गृहस्थ लहानपणापासून उशिरापर्यंत अंथरुणात लोळत विचार करणारा. राणीने वेळ दिली पहाटे पाचची, ऐन जानेवारीत. १६५० च्या ११ फेब्रुवारीला न्यूमोनियाने तिथेच गेला. जुन्या गावातल्या त्या घरावर पाटी आहे. यांनी ही गोष्ट मला मोठ्या चवीने ऐकवली. मी म्हटले, "मला कोण पहाटे पाचला शिकवणीला बोलावतंय?"

मग मी रामन काढले. चंद्रशेखर वेंकट रामन १९३० च्या डिसेंबरात, पत्नी लोकसुंदरी यांना बरोबर घेऊन, तिथे नोबेल घ्यायला गेले. ते पारितोषिक दरवर्षी १० डिसेंबरला देतात, त्यामुळे विद्वानांना थंडी चुकत नाही. सांगतात की पारितोषिक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी, जुलैतच, त्यांनी आगबोटीची तिकिटे काढून ठेवली होती. तमिळ मुलखातला, आयुष्य मद्रास-कलकत्त्याच्या उकाड्यात काढलेला माणूस. गेला, मान घेतला आणि सुखरूप परत आला. यावर यांनी रवींद्रनाथ टाकले. १९१३ चे पारितोषिक घ्यायला ते गेलेच नाहीत. पुढे १९२१ साली तिथे जाऊन त्यांनी भाषण दिले ते मे महिन्यात. "कवीला कळतं कधी जावं ते!" एक मेला, एक परतला, एकाने उन्हाळा निवडला. साक्षीदार तिघे आणि निकाल नाही. पण यांतल्या कुणाचीच मुलगी तिथे राहत नव्हती, हे मी यांना दाखवून दिले.

शेजाऱ्यांचे मत मी मागितले नव्हते, ते मिळाले. मनालीला जाऊन आलेल्या वहिनींनी लोकरी मोजे आणि आतून घालायचे गरम कपडे यांची यादीच हातात दिली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पैसे खर्चून अंधार बघायला जायचं म्हणजे हौसच म्हणायची!" डॉक्टरांचे बोलणे तेवढे उपयोगी पडले. हाडे ठिसूळ आहेत, थंडीचे भय नाही, पडण्याचे आहे. पडायचे नाही, बस्स. तिकडे यावर उपाय असतो म्हणे. बुटांच्या तळाला रबरी पट्ट्यांनी अडकवायचे लोखंडी खिळे मिळतात, आणि म्हातारी माणसे ते घालून बर्फावरून खुशाल बाजारहाट करतात. पादचाऱ्यांच्या वाटेवर बारीक खडी टाकतात. कोटाला एक चकाकती चकती लटकवायची, म्हणजे अंधारात मोटारवाल्याला माणूस दिसतो. नातीच्या दप्तराला अशा तीन आहेत. व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा लागतोच. तो आकडा रुपयांत करून हे थोडा वेळ गप्प बसले.

या सगळ्यात मला खरे ओढते ते वेगळेच. मुलीने एकदा, दोन-तीन वर्षांमागे, चुकून दाखवल्यासारखे आपल्या खिडकीतून समोरच्या इमारती दाखवल्या होत्या. वेळ दुपारची चारची आणि मिट्ट काळोख. पण प्रत्येक खिडकीत दिवा. नाताळाच्या आधी चार रविवारांपासून तिथे खिडकीत दिव्यांची घडवंची ठेवतात, बहुधा सात दिव्यांची, मध्ये उंच आणि कडेला उतरत जाणारी. आणि वर टांगतात कागदाची चांदणी, आत दिवा असलेली. चांदणी मूळ जर्मनीतली, पण मला विचाराल तर तो आकाशकंदीलच. आपण तो दारात लावतो, ते खिडकीत लावतात. पडदे ओढत नाहीत; दिवा आपल्याला असतो तसा रस्त्याने जाणाऱ्यालाही असतो. १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस. पांढरा पायघोळ झगा घातलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुगुट घालून पुढे, मागे बाकीच्या मुली गात गात. शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात, सगळीकडे. जुन्या पंचांगाप्रमाणे ती वर्षातली सर्वांत मोठी रात्र समजत. त्या दिवशी केशर घातलेले पिवळेधमक पाव करतात, वेटोळे घालून, वेटोळ्यात एकेक बेदाणा. केशर तिथे पिकत नाही, आपल्याइतकेच महाग. पण त्या दिवशी हात आखडत नाहीत. यंदा नात तिच्या शाळेतल्या लुसियात आहे. मेणबत्त्या विजेच्या, हे तिने मला आधीच सांगून टाकले, आजी घाबरेल म्हणून. तिला त्या अंधाराचे काही वाटत नाही, ती तिथलीच. तीन वाजता काळोख होतो हे तिच्या लेखी आपल्या पावसाळ्यासारखे. जिला वाटते ती तिची आई.

म्हणजे मुलगी सांगते ते खोटे नाही. पाहण्यासारखे तिथे फार नसेल. लोक तिथे दिवा लावून बसतात, एवढेच असेल. जावईबापूंना मी मुद्दाम वेगळा फोन केला. भला माणूस, शब्द मोजून वापरणारा. ते म्हणाले, "आई, हिवाळ्यात तिला जडच जातं. इथल्या पुष्कळांना जातं, इथल्याच लोकांनासुद्धा. डॉक्टरकडे जाऊन आलो, गोळी आहे, सकाळी अर्धा तास दिव्यासमोर बसते. उमेओ म्हणून आणखी उत्तरेला गाव आहे, तिथं तर २०१२ साली बसथांब्यांवर असले दिवे लावले होते. यात लपवण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला काळजी नको म्हणून ती बोलली नाही." मग थांबून म्हणाले, "तुम्ही आलात तर बरं होईल. मी सांगितलं म्हणून नका सांगू तिला."

दिव्यासमोर बसते! आमच्या घरी संध्याकाळी तिला दिव्यासमोर बसवायला मला किती हाका माराव्या लागत. मी जाऊन काय करणार, हा प्रश्न यांनी विचारला नाही, पण मीच स्वतःला विचारला. मी काही गाठोड्यात सूर्य बांधून नेणार नाही. तिला दिवसभर हसवत बसणे मला जमणार नाही, तिला ते खपणारही नाही. पण तीनच्या सुमारास ती घरून काम करत असली, खिडकीबाहेर अंधार झाला, तर आतल्या खोलीतून फोडणीचा आवाज येईल. शाळेतून नात आली की दार मी उघडीन. आणि केव्हातरी, दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, भाजी निवडताना, तिला सांगायचे असेल ते ती सांगेल. नाही सांगितले तरी मी तिथे असेन, आणि तिचा कार्तिक ते पौष कसा जातो ते मला पुन्हा कधी फोनच्या आवाजावरून ओळखावे लागणार नाही.

यांचे हृदयाचे यंत्र बसवून दोनच वर्षे झाली. डॉक्टर 'जाऊ नका' म्हणाले नाहीत, पण हेच म्हणाले, "तू जा. मी इथे पोळ्या विकत आणीन, भात येतो मला." चव्वेचाळीस वर्षांत मी यांना दोन आठवड्यांहून जास्त सोडलेले नाही. यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर फुलस्केप कागद होता, शाळेत निकालपत्रक आखत तसा लाल रेघांनी आखलेला. डावीकडे नाशिक, उजवीकडे स्टॉकहोम; डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्यापर्यंत, दर आठवड्याचा सूर्योदय, सूर्यास्त आणि दिवसाची लांबी. संक्रांतीच्या ओळीत स्टॉकहोमचा दिवस पावणेसात तासांच्या वर गेलेला दिसत होता, आणि त्यापुढे यांनी शिसपेन्सिलीने लिहिले होते, 'वाढ सुरू'. हे पत्रक तिच्या घरी लावायचे आहे, म्हणाले.

तेव्हा ठरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे, लुसिया सापडेल अशा बेताने, आणि संक्रांत तिथे करून यायचे. भोगीच्याच सुमारास, १३ जानेवारीला, तिथे नाताळचे झाड बाहेर काढतात. आम्ही दुसऱ्या दिवशी तीळगूळ वाटू. दुधाचे पदार्थ त्या देशात नेऊ देत नाहीत, पेढे-बर्फी सगळे बाद. तिळाला आडकाठी नाही. काळी चंद्रकळा मी आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे. ती थंडीसाठीच नेसायची असते, आणि नाशिकात गेली चार वर्षे संक्रांतीला मला घामच येतो.

काल रात्री मुलीला तारीख सांगितली. तिने पुन्हा वाद घालायला सुरुवात केली, बर्फाचे सांगितले, पडण्याचे सांगितले. मी ऐकून घेतले आणि म्हटले, "तिकीट काढलंय." पलीकडे बराच वेळ काही बोलणे नाही. मग म्हणाली, "पांघरुणं काही आणू नकोस हं, इथे सगळं आहे." मी बरे म्हटले. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "गोधडी मात्र आण. निफाडची, आजीनं शिवलेली."

आज सकाळी यांनी ती गोधडी माळ्यावरून काढली आणि वजनकाट्यावर ठेवली. साडेतीन किलो भरली. तेवीस किलोंतून साडेतीन गेली. चिवडा अर्धाच न्यावा लागेल.